जोड दिसू नये म्हणून

वहिनी, काकूंचा डेक झाला.

हे तुला सांगायला हवं होतं म्हणून लिहायला बसले. घरात सगळे तुझ्याविषयी बोलतात, तुझ्याशी कुणी बोलत नाही. भेटायला आलेली माणसं ओसरीवर टेकतात, "लई चांगली बाई हुती" म्हणतात, चहा घेतात आणि जातात. मला ते ऐकवत नाही. तू चांगली होतीसच, पण हट्टीही होतीस. कुणाचं ऐकायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखी वागायचीस, आणि चहात साखर इतकी घालायचीस की पाहुणे दुसऱ्यांदा नको म्हणायचे. हे कुणीच बोलत नाही. माणूस गेलं की त्याला धुऊन-पुसून असं लख्ख करून ठेवतात की ते आपल्या घरातलं होतं हेच खरं वाटेनासं होतं.

तर डेक, त्यांच्या फार्महाउसपुढचा तो फळ्यांचा ओटा. तू तो अर्ध्यावर सोडून गेलीस, आणि अर्ध्यावर म्हणजे नेमका फळीच्या मधोमध. तू, जिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वन्सं, फळी धरली की संपवायची. तहान लागू द्या, फोन वाजू द्या, कुनी मरू द्या. फळीच्या टोकाला जायचं, मंग थांबायचं." मी तुझ्यापेक्षा लहान, तुझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तरी तू मला कायम वन्सं म्हणालीस, अहो-जाहो केलंस, आणि मी मात्र पहिल्यापासून तुला अगं-तुगं.

कारणही तू सांगितलं होतंस. फवारलेलं तेल लाकडात मुरतं आणि जिथं थांबलो तिथला काठ वाळून जातो. नंतर तिथूनच पुढं सुरू केलं की वाळल्यावर ओलं चढतं आणि आडवा काळपट पट्टा उमटतो. त्याला आपण जोड म्हणायचो. फळीच्या टोकाला तो लपतो, मध्ये आला की आल्या-गेल्याच्या डोळ्यात खुपतो. "जोड दिसला की काम हलकं," म्हणायचीस. लोकांच्या घरी पाय टेकवताच आधी त्यांच्या फळ्यांवर नजर टाकायचीस आणि बाहेर आल्यावर मला हळूच म्हणायचीस, "बगितलं का, तिसऱ्या फळीवर?" मला कधीच दिसलेलं नसायचं.

मला हे सगळं शिकायचं नव्हतं, खरं सांगायचं तर. मी नांदणं सोडून माहेरी आले तेव्हा मला काहीच करायचं नव्हतं. आई-आबा तर आधीच गेलेले, घर तुझं, चूल तुझी. अशा वेळी भावजया कशा वागतात त्याच्या गोष्टी गावात ऐकतच मोठी झालेली, म्हणून मी सावध होते. पहिले काही दिवस तू मला काही बोलली नाहीस. मग एका सकाळी माझ्यासमोर चार बोटं रुंदीचा ब्रश धरलास. "भित्तीकडं बगून भित्त काय बोलनार हाय का, वन्सं? ह्यो धरा, चला माज्यासंगं." मी चिडले होते. चिडून उठले आणि तुझ्यामागं आले. तसं झालं नसतं तर कुठं असते कोण जाणे.

दादाचा टेम्पो कांदा घेऊन सतत फिरतीवर, म्हणून डाळिंबाची फवारणी तुझ्याकडं आली होती. आमच्याकडं बायका फवारत नाहीत, त्यावरून गावानं तोंडसुख घेऊन झालं होतं. आधी हातपंप होता, त्याचा दांडा हलवून हलवून तुझा खांदा भरून यायचा. मग दादानं बॅटरीचा पंप आणला. बटण दाबलं की मोटार घुरघुरायची आणि गनमधून बारीक धुकं निघायचं, हात हलवायला नको. तो पाठीवर घेऊन तू अंगणात गोल फिरलीस आणि म्हणालीस, "आता ह्यानं सगळं जग फवारून काढती."

जगातलं पहिलं गिऱ्हाईक काकू निघाल्या. धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं फार्महाउस, पुढं लाकडी डेक. बांधणारा सुतार पैसे घेतल्यापासून फोन उचलत नव्हता आणि फळ्यांवर शेवाळ धरून त्या काळ्या पडत चालल्या होत्या. तू दूध घालायला जायचीस. "काकू, आमच्या पंपानं मारून देती की," असं म्हणून मोकळी झालीस. काय मारायचं, कसं मारायचं, काही ठाऊक नाही. पण शब्द दिलेला.

आठवतं ना? आदल्या आठवड्यात त्याच पंपानं बागेवर बोर्डो मारला होता, मोरचूद आणि चुना. पंप तू एका बादलीत विसळला होतास, घाईत. मग त्यातच धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून डेकवर फवारलंस. मी मागून ब्रशनं घासतेय, फेस येतोय, दोघी खूश. ऊन चढलं, फळ्या वाळल्या आणि जिथं-तिथं निळे-हिरवे डाग. पायरीपासून कठड्यापर्यंत. काकू चहा घेऊन बाहेर आल्या, बघतच राहिल्या. "हा कुठला रंग गं?"

तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, "मोरपंखी हाय काकू. सध्या ह्योच चालतो."

मी तोंडात पदर कोंबला होता. काकूंना मात्र कळलं, त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मग मी म्हणाले, मोरचूद म्हणजे शेवटी तांबंच, तांब्याची भांडी आपण चिंचेनं घासतो. चिंच भिजवून तिच्या कोळानं दोघींनी अख्खा डेक घासला. निघाले डाग. घरी येताना तू मला म्हणालीस, "वन्सं, डोस्कं हाय तुमाला." माझ्या सासरी कुणी मला असं म्हणालं नव्हतं. मी रस्ताभर गप्प बसले, तुला वाटलं दमले.

त्यानंतर लाकडासाठी वेगळा पंप आला. बागेचा पंप वेगळा, लाकडाचा वेगळा, तो अंधारातही ओळखू यावा म्हणून त्याच्या मुठीला लाल चिंधी. काकूंनी आपल्या ओळखीच्यांना सांगितलं, त्यांनी पुढं सांगितलं आणि पाण्याकाठची बरीच फार्महाउसं आपली झाली. आधी झाडायचं, भिजवायचं, साफ करायचं पाणी फवारायचं, घासायचं, धुवायचं. मग लाकूड दोन-तीन दिवस उन्हात चांगलं खडखडीत वाळू द्यायचं. मग रंगाचं तेल. ते भल्या सकाळी, कारण ऊन वर आलं की धरणावरून वारा सुटतो आणि अर्धं तेल शेजाऱ्याच्या भिंतीवर जातं.

तू पुढं, मी मागं. तू एकेक फळी धरून गन चालवत निघायचीस, मी उकिडवी बसून ब्रश ओढत तुझ्यामागं सरकायचे. पंपानं तेल पसरतं पण जागोजाग साचतं, ते ओलं आहे तोवर ब्रशनं लाकडात जिरवावं लागतं. तू पुढं बघायचीस, मी खाली. त्यामुळं आपल्या सगळ्या बोलण्यात मला तुझं तोंड आठवत नाही, टाचा आठवतात. भेगा पडलेल्या, कडेला तेल मुरून तांबूस झालेल्या. तुझ्या टाचांशी मी जेवढं बोलले तेवढं कुणाशीच नाही. सासर का सोडलं तेही त्यांनाच सांगितलं. त्या दिवशी तू थांबली नाहीस, वळली नाहीस. फळीच्या टोकाला पोचलीस, मोटार बंद केलीस, मग म्हणालीस, "माज्यापुढं बोलला, झालं. आता दुसऱ्या कुनाला कारन सांगत बसू नका. कुनी इचारलं तर माज्याकडं धाडा." त्यानंतर दोघी-तिघी खरंच तुझ्याकडं विचारायला गेल्या होत्या म्हणे. परत कुणी मला विचारलं नाही. तू त्यांना काय सांगितलंस ते मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायचं राहिलं.

राहिलं तर पुष्कळ. भांडणंसुद्धा राहिली. शिंगणापूरच्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलातला डेक आठव. शनीला जाणारी माणसं तिथं चहाला थांबतात, हातात तेलाच्या बाटल्या, त्या कलंडतात, फळ्यांत तेल मुरतं. मी म्हणाले, हे दोनदा धुवायला हवं, एका धुण्यात तेलकटपणा जात नाही. तू म्हणालीस, एकदा बास. रंग मारला आणि महिन्याभरात बाकड्यांखाली पांढुरके चट्टे. तुझं म्हणणं, "गिऱ्हाइकांचं पाय हायेत ते." मी म्हणाले, गिऱ्हाइकं बाकड्याखाली चालतात का? तू म्हणालीस, "चालत असत्याल." परवा त्या रस्त्यानं गेले, तर चट्टे तसेच आहेत. मी गाडीतून उतरून बघून आले. मीच बरोबर होते, वहिनी. हे सांगायला मी फोनही काढला होता.

आणि पंपाचं भांडण. तू मला कधी पंप दिला नाहीस. "एकदा दे की, एक फळी मारते." "न्हाई." "का पण?" "तुमचा हात ब्रशवर बसल्याला हाय." दर वेळी हेच उत्तर. कधी वाटायचं, वजन मला झेपणार नाही म्हणून देत नसशील. कधी वाटायचं, रंगाचा वास माझ्या छातीत जायला नको म्हणून, कारण मला थंडीत दम लागतो हे तुला ठाऊक होतं. आणि रागात असले की वाटायचं, फार्महाउसवाले तुला पंपवाल्या ताई म्हणतात, ते तुला वाटून घ्यायचं नाही. एकदा मी यावरून रुसून जेवलेही नव्हते. तू ताट झाकून ठेवलंस आणि पंप काही दिला नाहीस. खरं कारण काय होतं? नुसतं सांगून गेली असतीस तर चाललं असतं. मी वाईट वाटून घेतलं नसतं. घेतलं असतं, पण थोडं.

त्या शेवटच्या सकाळी काकूंच्या डेकवर वारा अजून सुटला नव्हता. तू नेहमीसारखी पुढं, मी मागं. तू थांबलीस. माझं लक्ष खाली, ब्रश तुझ्या टाचेवर आपटला. मी म्हणाले, "चल की, फळी अर्धी हाय." मोटार बंद झाल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, "वन्सं, पंप घ्या." मी वर बघितलं तर तू एका हातानं कठडा धरलेला आणि चेहरा घामानं डबडबलेला. इतकी वर्षं मागत होते तो पंप तू असा दिलास. तो मी उतरवून घेतला आणि तू खाली बसलीस. त्यापुढचं मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यातलं काही आपल्या दोघींचं नाही.

तेराव्यानंतर काकूंचा फोन आला. बिचाऱ्या चाचरत होत्या. धुतलेलं कोरं लाकूड उघड्यावर पडलंय, वळवाचा एखादा सडाका आला तर डाग धरेल. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं, मी नगरहून दुसरी माणसं बोलावते." मी म्हणाले, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आवाज जरा चढलाच. पण मला डोळ्यापुढं दिसत होतं की दुसरा माणूस त्याचा रंग आणणार, त्या अर्ध्या फळीवर जाडजूड पट्टा उमटणार आणि पुढची कित्येक वर्षं माणसं त्यावर खुर्च्या टाकून बसणार आणि म्हणणार, इथून पुढं दुसऱ्यानं केलेलं दिसतंय. तुझ्या शेवटच्या कामात जोड. ते मला सहन होणार नव्हतं.

तू कालवलेला रंग डब्यात झाकण लावून शिल्लक होता, ते एक बरं. सागवानी आणि अक्रोडी तू नजरेनंच मिसळायचीस, तो मला आयुष्यात जमला नसता. पंपाची मात्र दशा झाली होती. त्या धावपळीत कोण धुणार? आतलं तेल चिकट होऊन बसलेलं, जाळी बुजलेली, नोझल गच्च. टर्पेंटाइन घालून मी ते सगळं खोलून साफ केलं, वायसर नवे घातले, बॅटरी चार्जिंगला लावली. दादा दारातून बघत होता. तुझ्यानंतर तो कुणाशी धड बोललेला नाही, टेम्पोही बाहेर काढलेला नाही. म्हणाला, "कुटं निगालीस?" मी सांगितलं.  सकाळी उठले तर टेम्पो सुरू करून बसला होता.

तिथं पोचल्यावर दादा डेकच्या पायरीवर बसला, फळ्यांकडं पाठ करून. मी पंप भरला, पाठीवर घेतला. तू उंच, मी बुटकी. पट्टे तुझ्या मापाचे, त्यामुळं पंप माझ्या पार कमरेखाली लोंबायला लागला. म्हटलं, असू दे. आधी जुन्या फळकुटावर हात बसवून बघितला. पाऊल टाकलं की पंप कुल्ल्यांवर आपटायचा, गन हिसकायची आणि तेलाचे ओघळ पडायचे. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"पट्टा आवळ की," दादा म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"नको. तिच्या मापाचा हाय."

 तो उठला, माझ्या मागं आला. एक पट्टा ओढला, दुसरा ओढला, बोटानं बघितलं सारखे झालेत का. पट्ट्यांवर जिथं बक्कल वर्षानुवर्षं बसलेलं होतं तिथं चकाकी आली होती, ती त्यानं अंगठ्यानं पुसल्यासारखी केली. "ती आता घालनार न्हाई, शोभे," म्हणाला. एवढंच. तुझं माप त्यानं मोडलं, वहिनी, मी नाही. पण मी नको म्हणाले नाही.

मग त्यानंच ब्रश उचलला. मी पुढं, तो मागं. त्याला काय येतंय, टेम्पो चालवणारा माणूस, लागला आडवा-तिडवा फिरवायला. मी ओरडले, "लाकडाच्या रेघंनं ओढ, दादा! घर सारवतोयस का?" तुझाच आवाज निघाला माझ्या तोंडून, चढा, शेवटी हेल काढणारा.  मागून तो म्हणाला, "व्हय, वडतो." आणि मग नीट ओढायला लागला. मध्ये मध्ये त्याच्या नाकाचा आवाज येत होता. मी मागं न बघता मोटार चालू ठेवली, म्हणजे त्याला बरं पडावं.

ती फळी मी शेवटाला ठेवली होती. तिथं दादाला थांबवलं. तुझ्या रंगाचा वाळलेला काठ टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून पुसून मऊ केला, अगदी धार जाईपर्यंत. पंपाचं प्रेशर कमी केलं, गन उंच धरली, तू धरायचीस तशी, नुसतं धुकं उतरावं इतकी. मग पंप उतरवून माझा ब्रश घेतला आणि तुझ्या बाजूनं माझ्या बाजूला, माझ्या बाजूनं तुझ्या बाजूला ओढत राहिले. ब्रश कुठं अडला नाही. तू म्हणायचीस ते खरं होतं, तो हात ब्रशवर बसलेला आहे.

वाळल्यावर बघायला आम्ही पुन्हा गेलो. काकूंनी चष्मा लावला, वाकून वाकून सगळ्या फळ्या पाहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "कुठून पुढं तू केलंस गं? मला तर काहीच दिसत नाही."

मला इतका अभिमान वाटला, वहिनी. ऊर भरून येणं म्हणतात ते काय ते कळलं. मी म्हणाले, "हे बघा, इथून," आणि बोट ठेवायला खाली बसले. तिथं काही नव्हतं. मला वाटलं एखादी फळी चुकले असेन, अलीकडं सरकले. तिथंही नाही. गाल फळीला लावून तिरक्या उजेडात बघितलं. दादाही खाली बसला, तळहात फिरवत म्हणाला, "हितं आसंल." मी म्हणाले, नाही, कठड्याला धरलं होतं तिनं, त्या खांबापाशी. "मंग त्यो कुटला खांब?" खांब सगळे सारखे. आम्ही बहीणभाऊ गुडघ्यांवर सगळा डेक फिरलो आणि काकू चहाचे कप घेऊन उभ्याच राहिल्या.

जोड दिसू नये म्हणून मी जीव ओतला, आणि तो दिसत नाही. तू कुठं थांबलीस ती जागा आता मलाच सापडत नाही, वहिनी.